भंगुरतारा की सर्पतारा? खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ताऱ्यांची ओळख

(शोभिवंत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सस्यविद्येच्या अध्यापकाने समुद्रातील प्राण्यांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझ्या घरी खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे, हे एक कारण. परंतु खरे कारण वेगळे आहे. माझे रोजचे काम तणे ओळखण्यास शिकविण्याचे आहे, आणि आजचा विषयही ओळखण्याचाच आहे.

भाताच्या रोपवाटिकेत सावा वर्गातील तण उगवते. लहानपणी ते हुबेहूब भातासारखे दिसते. उंची, रंग, पानाची रुंदी यांवरून जाणता शेतकरीही फसतो. परंतु पान खोडाला जेथे मिळते तो सांधा उघडून पाहिला, तर भाताला तेथे पांढरट, पातळ, जिभेसारखी पापुद्री असते. तिला जिव्हिका म्हणतात. सावा वर्गातील या तणाला ती नसते. लव्हाळ्याचेही तसेच. दुरून ते गवत वाटते, पण खोड दोन बोटांत फिरविले की तीन कडा हाताला लागतात. ही ओळख केवळ पुस्तकी नाही. फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारे तणनाशक लव्हाळ्यावर फवारले, तर औषधही वाया जाते आणि मजुरीही.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. विक्रेता दोन नावे सांगतो. एक ‘ब्रिटल स्टार’, म्हणजे भंगुरतारा, आणि दुसरे ‘सर्पंट स्टार’, म्हणजे सर्पतारा. दोन्ही टाकीतला केरकचरा खातात, तळ स्वच्छ ठेवतात, असे सांगून तो प्राणी आपल्या हाती देतो. माझ्या परिचयाच्या एका बागायतदाराने क्लाऊन माशांची पैदास सुरू केली होती. पिल्लांच्या टाकीत सफाईसाठी त्याने एक हिरवा, देखणा, वीतभर पसरणारा तारा आणून सोडला. पहिल्या आठवड्यात दोन पिल्ले दिसेनाशी झाली. पंप तपासला, जाळी तपासली, मांजरावरही संशय घेतला. महिनाभरात टाकी निम्मी रिकामी झाली, आणि तारा मात्र चांगला जाडजूड झाला. त्याला मिळालेला तारा ‘भंगुरतारा’ होता, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नव्हते. अडचण अशी की त्या एका नावाखाली निरुपद्रवी प्राणीही विकले जातात आणि मासे पकडणारेही.

तारामासा वेगळा, हे तारे वेगळे

प्रथम मोठा भेद समजून घेऊ. समुद्रात तारामासा, समुद्रकाकडी, सागरी अर्चिन आणि आपले हे तारे एकाच संघात येतात. या संघाला कंटकचर्मी प्राण्यांचा संघ म्हणतात. परंतु तारामासा आणि आपला तारा यांचे वर्ग निराळे आहेत. 1758 साली लिनियसने दोघांनाही ‘अ‍ॅस्टेरियस’ या एकाच प्रजातीत घातले होते. पुढे 1801 साली लामार्कने ‘ऑफियुरा’ ही प्रजाती वेगळी काढली, आणि आज या ताऱ्यांचा संपूर्ण वर्ग ‘ऑफियुरॉइडिया’ या नावाने ओळखला जातो. ग्रीक भाषेत ‘ऑफिस’ म्हणजे साप आणि ‘उरा’ म्हणजे शेपूट. म्हणजे सापासारख्या शेपटीचा हे नाव या वर्गातील सर्वांनाच आहे, मग विक्रेता त्यांना भंगुर म्हणो की सर्प. आजवर या वर्गातील दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

तारामाशाचे हात बुडाशी रुंद असतात आणि मधल्या अंगात मिसळून जातात. आपल्या ताऱ्याचे तसे नाही. त्याच्या मध्यभागी नाण्यासारखी गोल किंवा पंचकोनी चकती असते आणि तिच्यातून हात स्पष्ट वेगळे निघालेले दिसतात, जणू बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत. तारामाशाला उलटा केला तर प्रत्येक हाताखाली लांब खाच दिसते व तिच्यात चोषके असलेले बारीक पाय वळवळताना दिसतात. आपल्या ताऱ्याच्या हाताखाली उघडी खाच नसते, आणि त्याच्या नळीसारख्या पायांना चोषके नसतात. तो पायांवर चालत नाही, हातच वळवून पुढे सरकतो. हाताच्या आत आपल्या पाठीच्या कण्यासारखे चुन्याचे मणके एकापुढे एक ओवलेले असतात, म्हणून हाताला ती सापासारखी वळणे घेता येतात. त्याला गुदद्वार नसते. पाच जबड्यांच्या तोंडातून अन्न आत जाते आणि उरलेला चोथाही तेथूनच बाहेर येतो.

‘भंगुर’ हे नाव कशामुळे पडले, तेही सांगतो. हात धरून उचलला किंवा माशाने चावा घेतला, की हा प्राणी तो हात स्वतःहून तोडून टाकतो व निसटतो. पाल शेपूट टाकते तसेच. चकती शाबूत असेल तर नवा हात काही आठवड्यांत फुटू लागतो, पूर्ण वाढण्यास मात्र बरेच महिने लागतात. तुटून पडलेल्या हातापासून नवा तारा होत नाही. उसाच्या कांडीसारखी लागवड येथे चालत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण असा प्रश्न मला विचारला गेला आहे.

बाजारातील दोन नावे

टाकी बाळगणाऱ्यांच्या व्यवहारात हा भेद फक्त हातावरील काट्यांवरून केला जातो. हाताच्या दोन्ही कडांना काटे ताठ उभे दिसत असतील, हात बाटली धुण्याच्या ब्रशासारखा वाटत असेल, तर तो भंगुरतारा. हात गुळगुळीत, सापाच्या अंगासारखा वाटत असेल तर तो सर्पतारा. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्पताऱ्यालाही काटे असतातच. ते आखूड असतात आणि हाताला चिकटून, टोकाच्या दिशेने झोपलेले असतात. साध्या नजरेला ते दिसत नाहीत, पण मावा, कोळी पाहण्यासाठी आपण वापरतो ते दहापट भिंग धरले, की लोंबीत दाणे बसावेत तसे ते एकाला एक लागून बसलेले दिसतात.

हा भेद टाकीपुरता सोयीचा आहे, माझी त्याला हरकत नाही. ‘काटेरी’ आणि ‘बिनकाटी’ असे आपण वांग्यातही म्हणतो. परंतु काट्यांवरून नाते ठरवू नये. काटेरी वांगे आणि काटेरी गोखरू यांना एका कुळात घालावे आणि गुळगुळीत टोमॅटोला बाहेर काढावे, तसे ते होईल. टोमॅटो हा वांग्याचा भाऊबंद आहे, गोखरूचा वांग्याशी काही संबंध नाही.

ताऱ्यांच्या बाबतीत तर हे अगदी स्पष्ट झाले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी शास्त्रज्ञ मात्सुमोतो यांनी हाडांची ठेवण पाहून या वर्गाची मांडणी केली होती. त्यानंतर 2017 साली ऑस्ट्रेलियातील टिमोथी ओहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए व हाडांची सूक्ष्म रचना या दोहोंच्या आधारे नवी मांडणी प्रसिद्ध केली. तीत या वर्गाचे सहा गण केले आहेत. टाकीत येणाऱ्या ताऱ्यांपैकी बहुतेक त्यांतील दोनच गणांत मोडतात. गंमत अशी की गुळगुळीत ‘ऑफियोडर्मा’ आणि काटेरी ‘ऑफियोकोमा’ एका गणात आहेत. गुळगुळीत ‘ऑफियोलेपिस’ आणि अतिशय काटेरी ‘ऑफियोथ्रिक्स’ दुसऱ्या गणात आहेत. म्हणजे दोन सर्पतारे एकमेकांना जितके जवळचे, त्यापेक्षा प्रत्येकाला एक भंगुरतारा अधिक जवळचा आहे.

भिंगातून काय पाहावे

आता प्रत्यक्ष ओळख. तारा हाताने न धरता पाण्यासह पारदर्शक काचेच्या वाडग्यात घ्यावा. वाडगा उचलून खालून पाहता आला पाहिजे, कारण खरी ओळख पोटाकडच्या बाजूला असते. विक्रेत्याच्या दुकानातही हे करता येते. जो विक्रेता वाडग्यात काढून दाखविण्यास नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नये असे माझे मत आहे.

पहिल्यांदा हात मोजावेत आणि त्यांना फाटे आहेत का ते पाहावे. हाताला फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या, असे जाळे दिसले तर तो टोपलीतारा. दिवसा तो गुंडाळी करून बसतो, रात्री जाळे पसरून पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. साध्या टाकीत त्याला पुरेसे अन्न मिळत नाही व तो उपासमारीने मरतो. कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये.

मग काटे पाहावेत, ते ताठ उभे आहेत की झोपलेले, हे वर सांगितलेच. उभे असतील तर त्यांचा पोत पाहावा. ऑफियोथ्रिक्सचे काटे काचेसारखे अर्धपारदर्शक, लांब आणि कडेला बारीक दाते असलेले असतात. ते सहज मोडतात. ऑफियोकोमाचे काटे जाड, भरीव असतात.

त्यानंतर चकतीचा वरचा पृष्ठभाग. हा मला सर्वांत उपयोगी वाटतो आणि नेमका याकडेच लोक पाहत नाहीत. ऑफियोडर्मा व ऑफियोकोमा यांच्या चकतीवर बारीक रव्यासारखी कणी पसरलेली असते, त्यामुळे खालचे खवले झाकले जातात. बोटाला ती खरखरीत लागते, पण बोट लावू नये, भिंगातून कळते. ऑफियोलेपिसच्या चकतीवर कणी नसते. तेथे मोठे खवले उघडे दिसतात आणि प्रत्येक मोठ्या खवल्याभोवती लहान खवल्यांची किनार असते, फरसबंदीसारखी. ऑफियोथ्रिक्सच्या चकतीवर प्रत्येक हाताच्या बुडाशी त्रिकोणी ढालींची एक जोडी ठळक दिसते व उरलेल्या भागावर बारीक काटे असतात.

शेवटी वाडगा उचलून खालून पाहावे. मध्यभागी पाच जबड्यांचे ताऱ्यासारखे तोंड दिसेल. ऑफियोथ्रिक्सच्या जबड्याच्या कडा मोकळ्या असतात, फक्त टोकाशी बारीक दातांचा झुबका असतो. ऑफियोडर्माच्या जबड्याच्या कडेने बारीक पाकळ्यांची रांग असते, टोकाशी झुबका नसतो. ऑफियोकोमाला दोन्ही असतात. आता दोन हातांमधली जागा पाहावी. तेथे श्वसनासाठी व अंडी बाहेर टाकण्यासाठी चिरा असतात. बहुतेक ताऱ्यांत दोन हातांच्या मध्ये दोन चिरा दिसतात, प्रत्येक हाताच्या बाजूला एक. ऑफियोडर्मामध्ये प्रत्येक चीर मध्येच मिटून तिचे दोन तुकडे झालेले असतात, त्यामुळे चार दिसतात. भाताच्या जिव्हिकेसारखी ही खूण आहे. रंग बदलेल, आकार बदलेल, हात तुटलेला असेल, पण या चार चिरा राहतातच.

रंगावर विश्वास ठेवू नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कॅरिबियन समुद्रातील एक जात दिवसा गडद तपकिरी असते आणि रात्री फिकट होऊन तिच्या हातांवर पट्टे उमटतात. सायंकाळी विकत घेतलेला प्राणी सकाळी दुसराच वाटावा, असा हा प्रकार आहे. या जातीचे नाव जुन्या पुस्तकांत ‘ऑफियोकोमा वेंटी’ असे आढळेल, नव्या याद्यांत ती ‘ऑफियोमॅस्टिक्स’ या प्रजातीत आहे. नाव बदलले म्हणून गोंधळू नये. आपला मूगही पूर्वी ‘फॅसिओलस’ होता, आता ‘विग्ना’ झाला आहे, त्याने उसळीत काही फरक पडलेला नाही.

हिरव्याचा प्रश्न

आता त्या बागायतदाराच्या हिरव्या ताऱ्याकडे येऊ. त्याचे शास्त्रीय नाव ‘ऑफियारॅक्ना इन्क्रासाटा’. हिंद व प्रशांत महासागराच्या प्रवाळ भागांत तो राहतो. लामार्कने 1816 साली त्याचे वर्णन केले. चकती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, हात जाड व लांब असतात, आणि कडेचे काटे बाहेर उभे असतात, म्हणून व्यवहारात त्याला हिरवा भंगुरतारा म्हणतात. तो मेलेले अन्न खातो हे खरे आहे. मासळीचा तुकडा टाकला तर लगबगीने येऊन उचलतो, त्यामुळे पाळणाऱ्याला तो माणसाळल्यासारखा वाटतो. परंतु रात्री तो हातांच्या टोकांवर चकती उंच उचलून कमान करतो. खाली झोपायला सुरक्षित कपार आहे असे समजून लहान मासा त्या कमानीखाली शिरतो, आणि तारा हात पिळून खाली बसतो. कोळंबी, लहान खेकडे हेही असेच जातात.

काही जण म्हणतात, त्याला पोटभर खायला घातले तर तो मासे धरत नाही. भुकेल्या ताऱ्यापेक्षा पोट भरलेला बरा, एवढेच मी मान्य करीन. पिल्लांच्या टाकीत, गोबीसारख्या तळाशी झोपणाऱ्या लहान माशांबरोबर, किंवा महागाच्या कोळंबीबरोबर तो ठेवूच नये. ठेवायचाच असेल तर मोठ्या, चपळ माशांच्या टाकीत ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याला चिमट्याने तुकडा द्यावा.

अवघड भाग असा की हिरवा प्रत्येक तारा हा नसतो. अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘ऑफियोडर्मा ब्रेव्हिस्पायनम’ ही जात पुष्कळदा हिरवी असते, पण तिचे काटे झोपलेले व आखूड असतात आणि दोन हातांमध्ये चार चिरा दिसतात. आपल्या बाजूच्या महासागरात ‘ऑफियारॅक्नेला’ नावाची प्रजाती आहे. तिचे हात गुळगुळीत आणि काटे आखूड असतात, चकतीवर कणीच्या मधून ढालींच्या जोड्या उघड्या दिसतात. नाव नीट ऐकावे. ‘ऑफियारॅक्ना’ आणि ‘ऑफियारॅक्नेला’, फोनवर दोन्ही सारखीच ऐकू येतात, आणि विक्रेत्याने चिठ्ठीवर घाईत लिहिले तर शेवटचे अक्षर खाल्ले जाते. यासाठी शास्त्रीय नाव पूर्ण लिहून मागावे, आणि माल हाती आल्यावर काटे उभे की झोपलेले ते स्वतः पाहावे.

याउलट ऑफियोकोमा. काळाकुट्ट, काटेरी, दगडाखालून फक्त दोन हात बाहेर काढून हलविणारा. पाहणाऱ्याला याचीच भीती वाटते. प्रत्यक्षात तो पाण्यातून व तळावरून अन्नाचे कण गोळा करतो. ‘ऑफियोकोमा स्कोलोपेंड्रिना’ ही त्याची एक जात खडकाळ किनाऱ्यांवरील भरती-ओहोटीच्या डबक्यांत राहते. भरतीचे पाणी चढू लागले की ती हात उलटे करून पाण्याच्या पृष्ठभागावरची साय, म्हणजे तरंगणारा कचरा, निपटून घेते. साफसफाईसाठी तारा हवा असेल तर मी काळ्या ऑफियोकोमाला किंवा पट्टेरी ‘ऑफियोलेपिस सुपर्बा’ला पसंती देईन. दुसरा फिकट रंगाचा असतो, हातांवर गडद पट्टे व चकतीवर गडद ताऱ्यासारखी नक्षी असते, त्यामुळे ओळखण्यास सोपा. ऑफियोथ्रिक्स हात वर करून प्रवाहातील कण पकडतो. नव्या, फार स्वच्छ टाकीत तो टिकत नाही, म्हणून नवशिक्यांनी घेऊ नये.

आपोआप आलेले बारीक तारे

कित्येकदा टाकीत न सोडलेले बारीक तारे दिसू लागतात. दगडाच्या भोकांतून, स्पंजातून, गाळणीच्या डब्यातून दोऱ्यासारखे हात बाहेर येतात. ते पाहून हिरव्याची पिल्ले झाली, असा समज होतो व टाकी उपसण्याची तयारी सुरू होते. तसे करण्याचे कारण नाही. हात मोजावेत. सहा हात आणि हिरवट रंग असेल तर तो बहुधा ‘ऑफियाक्टिस सॅव्हिग्नी’. उष्ण समुद्रांत हा सर्वत्र आढळतो. चकती मधोमध दुभंगून त्याचे दोन तारे होतात, तीन हात याचे, तीन त्याचे, आणि प्रत्येकाला उरलेले नवे फुटतात. म्हणून काहींचे तीन हात मोठे व तीन आखूड दिसतात. मोठ्या वाढलेल्यांना पाचही हात असू शकतात. पाच हातांचा, राखी-पांढरा, चकती जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी, असा दिसला तर तो ‘अ‍ॅम्फिफोलिस स्क्वामाटा’. हा अंडी पाण्यात न सोडता पिल्ले अंगातच वाढवितो, म्हणून बंद टाकीतही त्याची संख्या वाढते. दोन्ही निरुपद्रवी आहेत. उरलेले अन्न खातात. शेतातील गांडुळाला आपण मारत नाही, तसेच यांनाही राहू द्यावे. त्यांची संख्या एकाएकी फार वाढली तर समजावे की आपण माशांना जरुरीपेक्षा जास्त खाद्य टाकीत आहोत.

पाणी, पावसाळा आणि मोरचूद

ओळख झाली की निगा. कंटकचर्मी प्राण्यांना पाण्याच्या क्षारतेतील बदल सोसत नाही. क्षारता दर हजारी 35 भागांच्या आसपास ठेवावी. नवा तारा आणल्यावर पिशवी थेट टाकीत उलटी करू नये. ठिबक संचातील बारीक नळीचा नवा, न वापरलेला तुकडा घेऊन टाकीतील पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडावे. दीड-दोन तास तरी लावावेत. तारा पाण्याबाहेर हवेत काढू नये.

कोकणातील मत्स्यपालकांनी पावसाळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. जून ते सप्टेंबर या काळात खाडीत गोड्या पाण्याचा लोंढा येतो व खाडीचेच नव्हे, तर मुखाजवळच्या किनाऱ्याचे पाणीही पातळ होते. हे पाणी दिसायला खारेच असते, जिभेलाही खारट लागते, पण मोजल्यावर क्षारता निम्मीही भरत नाही, असे घडू शकते. पावसापूर्वी चांगले पाणी झाकलेल्या टाक्यांत साठवून ठेवावे किंवा पावसाळ्यात तयार मिठाचे पाणी वापरावे, आणि दर वेळी मोजूनच टाकीत घालावे. पाणी बिघडल्याची पहिली सूचना तारा देतो. हातांची टोके पांढरी पडून तुकडे गळू लागले, किंवा चकतीवर चट्टे दिसू लागले, तर दुसरे काही करण्यापूर्वी क्षारता तपासावी.

दुसरी गोष्ट मोरचुदाची. सुपारी, आंबा, नारळ असलेल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणाची बादली असतेच. तीच बादली धुऊन टाकीच्या पाण्यासाठी वापरली जाते. तांबे अत्यल्प प्रमाणातही या प्राण्यांना विषारी ठरते. माशांच्या अंगावरील ठिपक्यांच्या रोगावर मिळणाऱ्या कित्येक औषधांतही तांबे असते. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच असे औषध द्यावे, आणि टाकीच्या बादल्या, मगे, नळ्या यांवर खूण करून त्या फवारणीच्या खोलीपासून दूर ठेवाव्यात.

कायद्याविषयी थोडक्यात. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेले दगड उचलून आणू नयेत. खडक बांधणारे प्रवाळ व समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत 2001 सालापासून संरक्षण आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालेले आहे, तेथून तर कोणताही प्राणी आणू नये. तारे दगडाच्या फटीत राहतात, त्यामुळे ते गोळा करणारा दगड फोडतो किंवा उलथतो, आणि उलथलेला दगड तसाच टाकून गेला की खालचे सर्व जीव उन्हाने मरतात. प्राणी कोठून आणला आहे, हे विक्रेत्याला विचारावे.

आपल्या टाकीतील तारा कोणता हे ठरविता आले नाही, तर जवळच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारता येईल. त्यासाठी मेलेला प्राणी डब्यात घालून आणण्याची गरज नाही. तीन छायाचित्रे पुरतात. एक चकतीचे वरून, एक तोंडाचे व दोन हातांमधील जागेचे खालून, आणि एक हाताचे बाजूने, ज्यात काटे स्पष्ट दिसतील. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दिवसा काढले की रात्री, ते मागे लिहावे.